फुले, निळू

फुले, निळू : (४ एप्रिल १९३०–१३ जुलै २००९). मराठी रंगभूमी व चित्रपट या दोन्ही क्षेत्रांतील विख्यात चरित्र-अभिनेते आणि सामाजिक कार्यकर्ते. संपूर्ण नाव निळकंठ कृष्णाजी फुले. जन्म पुणे येथे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून त्यांची जडणघडण झाली. लोकनाट्यातील विनोदी नट म्हणून त्यांनी प्रथम लौकिक मिळविला आणि पुढे मराठी चित्रपटातील ग्रामीण खलपुरुषाला स्वतःचा असा चेहरा दिला. हा चेहरा प्रेक्षकांच्या मनात एवढा खोल रुजला, की गावचा मुजोर सत्ताधारी म्हटले की निळू फुले असे समीकरणच महाराष्ट्रात दीर्घकाळ रूढ झाले. या समीकरणामुळे त्यांना अफाट लोकप्रियता लाभली. परंतु त्यांच्या अभिनयाचा खरा आवाका त्यामुळे काहीसा झाकलाही गेला. ‘सखाराम बाइंडर’ हे नाटक आणि ‘सामना’ व ‘सिंहासन’ हे चित्रपट यांतील त्यांच्या भूमिका विचारात घेतल्याशिवाय त्यांचे मूल्यमापन पुरे होत नाही.

चरित्र-अभिनेता ही संज्ञा : नाटकात किंवा चित्रपटात नायक-नायिकेच्या प्रणयकथेचा भार न वाहता, विशिष्ट वयाची, व्यवसायाची, स्वभावाची वा सामाजिक थराची व्यक्ती तिच्या सर्व लकबींसह उभी करणाऱ्या नटाला चरित्र-अभिनेता म्हणतात. देखणेपणा, तारुण्य वा गाता गळा या गोष्टींची त्याला निकड नसते; निरीक्षण, आवाजावरील ताबा आणि दुसऱ्याचे आयुष्य आपल्या देहात मुरवून घेण्याची शक्ती हे त्याचे भांडवल असते. ब्रिटनमध्ये अशा नटांची परंपरा विशेष समृद्ध आहे. तेथील गावोगावच्या नाट्यसंस्थांत थोड्या थोड्या दिवसांनी नवे नाटक बसविण्याची प्रथा होती. त्यामुळे एकाच नटाला आज न्यायाधीश, उद्या भिकारी आणि परवा विदूषक व्हावे लागे. चार्ल्स लॉटन, अॅलिस्टर सिम, मार्गारेट रदरफर्ड यांसारख्या कलावंतांनी ब्रिटिश रंगभूमी व चित्रपट यांत केवळ व्यक्तिदर्शनाच्या बळावर मानाचे स्थान मिळविले.

महाराष्ट्रात या परंपरेचा उगम वेगळ्या परिस्थितीत झाला. संगीत नाटकांच्या काळात गायक नटाला अग्रमान असला, तरी गणपतराव बोडस यांच्यासारख्या नटांनी गद्य अभिनयाची प्रतिष्ठा राखली. बोलपटाच्या आगमनानंतर केशवराव दाते, गजानन जागीरदार, बाबूराव पेंढारकर या नटांनी प्रौढ व गुंतागुंतीच्या व्यक्तिरेखा पडद्यावर आणल्या. ‘कुंकू’ (१९३७) या प्रभात फिल्म कंपनीच्या चित्रपटात केशवराव दाते यांनी रंगविलेला विजोड विवाहातील वयस्क पती आणि ‘शेजारी’ (१९४१) या चित्रपटात दाते व जागीरदार यांनी उभे केलेले दोन वृद्ध मित्र हे या परंपरेचे मानदंड मानले जातात. हे बहुतेक नट नाटक मंडळ्यांच्या शिस्तीतून आलेले होते. फुले यांचे वेगळेपण असे, की ते या परंपरेत तमाशाच्या वाटेने आले. त्यांच्यामुळे चरित्र-अभिनयाला लोककलेचे अधिष्ठान मिळाले.

पूर्वायुष्य व राष्ट्र सेवा दल : फुले यांचे बालपण सामान्य परिस्थितीत गेले. तरुण वयात त्यांनी पुण्यातील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळी म्हणून नोकरी केली. झाडांचे वेड त्यांना मनापासून होते आणि स्वतःची रोपवाटिका असावी, असेही त्यांच्या मनात होते. अभिनय हा व्यवसाय होईल अशी त्या वेळी कल्पनाही नव्हती. या काळात त्यांच्या जीवनाला वळण दिले ते राष्ट्र सेवा दलाने.

१९४१ साली स्थापन झालेल्या या संघटनेने राष्ट्रवाद, लोकशाही, समाजवाद व धर्मनिरपेक्षता या मूल्यांवर तरुणांची एक पिढी घडविली. विचार लोकांपर्यंत नेण्याचे साधन म्हणून सेवा दलाने कलापथके उभारली. व्याख्यानाला न येणारा माणूस तमाशाला येतो, हे ओळखून या कलापथकांनी तमाशाचा बांधा घेतला आणि त्यात नवा आशय भरला. पु. ल. देशपांडे यांचे ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य या प्रयत्नाचे ठळक उदाहरण होय. स्वातंत्र्यानंतर उदयाला आलेल्या पुढारीपणाची त्यात खिल्ली उडविलेली आहे. या लोकनाट्यातील रोंगे या भूमिकेने फुले यांच्याकडे रसिकांचे लक्ष वेधले. राम नगरकर, दादा कोंडके हे पुढे नावारूपास आलेले विनोदी नटही सेवा दलाच्याच वातावरणात वाढले. नगरकर हे फुले यांचे कलापथकातील सहकारी आणि निकटचे मित्र होते.

सेवा दलाकडून फुले यांना दोन गोष्टी मिळाल्या. पहिली म्हणजे कलेचे प्रयोजन लोकशिक्षण हेही असते, ही जाणीव. आणि दुसरी म्हणजे सत्तेकडे संशयाने पाहण्याची सवय. पुढील काळात त्यांनी ज्या सत्ताधाऱ्यांच्या भूमिका केल्या, त्यांच्याकडे ते एका कार्यकर्त्याच्या डोळ्यांनी पाहत आले होते. पडद्यावरील खलनायक आणि प्रत्यक्षातील समाजवादी कार्यकर्ता यांत जी विसंगती लोकांना भासत असे, ती वस्तुतः विसंगती नव्हती. एकाच आकलनाची ती दोन अंगे होती.

लोकनाट्य : पारंपरिक तमाशात गण, गौळण, बतावणी, लावणी आणि वग असा क्रम असतो (⟶ तमाशा). वग म्हणजे त्यातील नाट्यकथा. तिचा सांगाडा ठरलेला असला, तरी संवाद बऱ्याच अंशी नटाने आयत्या वेळी रचायचे असतात. सोंगाड्या हा वगाचा आधारस्तंभ असून राजाला न बोलता येणारे सत्य तो विनोदाच्या आवरणाखाली बोलून जातो. पूर्व विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत दंडार व खडीगंमत, तसेच कोकणात दशावतार या प्रकारांतही उत्स्फूर्त संवादाची हीच शक्ती दिसून येते. स्वातंत्र्योत्तर काळात शहरी लेखकांनी तमाशाचा वग लिखित स्वरूपात आणला आणि त्यातून आधुनिक लोकनाट्य आकाराला आले. वसंत सबनीस यांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ आणि शंकर पाटील यांचे ‘कथा अकलेच्या कांद्याची’ ही त्यातील विशेष गाजलेली लोकनाट्ये होत.

‘कथा अकलेच्या कांद्याची’मधील भूमिकेने फुले यांचे नाव महाराष्ट्रभर झाले. या लोकनाट्याचे प्रयोग त्यांनी वर्षानुवर्षे खेडोपाडी व शहरांतून केले. लोकनाट्याच्या प्रयोगाला पडद्याची ओट क्वचितच असते. प्रेक्षक हाकेच्या अंतरावर बसलेला असतो आणि आवडले नाही तर तो तत्काळ तसे दाखवितो. अशा प्रेक्षकापुढे उभे राहून फुले यांनी शब्दाची फेक, थांबण्याची जागा, प्रतिसादाचा अंदाज आणि साध्या वाक्यातून दुहेरी अर्थ काढण्याची हातोटी संपादन केली. लोकनाट्याच्या निमित्ताने झालेल्या भ्रमंतीत त्यांना ग्रामीण महाराष्ट्राचे जवळून दर्शन घडले. सरपंच, सावकार, पाटील, कारखान्याचे संचालक, त्यांच्या मागेपुढे करणारी माणसे आणि त्यांच्यापुढे मान खाली घालणारी माणसे त्यांनी पाहिली. पुढे पडद्यावर त्यांनी उभी केलेली माणसे खरी वाटतात याचे एक कारण या भ्रमंतीत सापडते.

चित्रपटातील प्रवेश : अनंत माने दिग्दर्शित ‘एक गाव बारा भानगडी’ (१९६८) या चित्रपटातील झेले अण्णा या भूमिकेने फुले यांनी चित्रसृष्टीत पदार्पण केले. मान्यांच्याच ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) या चित्रपटाच्या यशानंतर मराठीत तमाशापटांची लाट आली होती आणि लोकनाट्यातील नटांना चित्रपटाची दारे खुली झाली होती. झेले अण्णा हा गावातील लावालाव्या करणारा, गोड बोलून काटा काढणारा इसम. तो आरडाओरडा करीत नाही, शस्त्र उगारीत नाही. त्याचे शस्त्र म्हणजे त्याचे बोलणे. त्यापूर्वीच्या मराठी चित्रपटातील दुष्ट मनुष्य बहुधा पाहताक्षणी ओळखू येई. फुले यांचा दुष्ट मनुष्य शेजारच्या आळीत राहणारा वाटे. हा फरक प्रेक्षकांना तत्काळ जाणवला आणि फुले यांच्याकडे अशा भूमिकांचा ओघ सुरू झाला.

पुढील दोन दशकांत त्यांनी मोठ्या संख्येने चित्रपटांतून कामे केली. ‘सोंगाड्या’ (१९७१), व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ (१९७२), ‘जैत रे जैत’ (१९७७), ‘अरे संसार संसार’ (१९८१) ही त्यांपैकी काही नावे होत. ‘जैत रे जैत’ हा डॉ. जब्बार पटेल दिग्दर्शित चित्रपट ठाकर या आदिवासी जमातीच्या जीवनावर असून त्यातील फुले यांची भूमिका त्यांच्या नेहमीच्या ठशापासून पूर्णतः दूर आहे.

पडद्यावरील पाटील व त्याची सामाजिक पार्श्वभूमी : फुले यांनी रंगविलेला खलपुरुष ही निव्वळ पटकथाकारांची कल्पना नव्हती. १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतर ग्रामीण सत्तेची रचना झपाट्याने बदलली. वंशपरंपरागत पाटीलकी या दशकात कायद्याने संपुष्टात आली. १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात येऊन पंचायत राज्याचा प्रारंभ झाला. सहकारी साखर कारखाने, पतपुरवठा संस्था, खरेदीविक्री संघ, शिक्षणसंस्था यांचे जाळे विशेषतः पश्चिम महाराष्ट्रात पसरले. या संस्थांनी शेतकऱ्याला सावकारी पाशातून बऱ्याच अंशी सोडविले आणि ग्रामीण भागात समृद्धी आणली, हे निर्विवाद आहे. त्याचबरोबर अनेक ठिकाणी त्यांवर जुन्याच घराण्यांची पकड बसली. पाटलाची सनद गेली, परंतु वाडा राहिला आणि वाड्याला आता अध्यक्षपदाची खुर्ची मिळाली. उसाला तोड द्यायची की नाही, कर्ज मंजूर करायचे की नाही, शाळेत नोकरी द्यायची की नाही, हे एका माणसाच्या मर्जीवर अवलंबून राहू लागले.

फुले यांचा पडद्यावरील पाटील हा या संक्रमणाचा साक्षीदार होय. पांढरे स्वच्छ धोतर, कोट किंवा जाकीट, टोपी, बोटात अंगठी आणि ओठांवर हसू असा त्याचा थाट असतो. त्याच्या दृष्टीने कायदा ही गैरसोय असते आणि माणूस ही मालमत्ता. स्त्रीविषयीची त्याची नजर याच मालकीच्या भावनेतून आलेली असते. जमीन, मत आणि स्त्री या तिन्हींकडे तो एकाच हिशेबाने पाहतो. अनेक व्यावसायिक चित्रपटांनी या व्यक्तिरेखेचा उपयोग केवळ स्त्रीलंपट खलनायक म्हणून केला आणि तिची सामाजिक धार बोथट केली, हेही खरे. मात्र पटकथा सामान्य असतानाही फुले यांच्या अभिनयातून सत्तेची ती रीत प्रेक्षकांपर्यंत पोचत असे. ग्रामीण प्रेक्षकांतील स्त्रिया त्यांच्या नावाने बोटे मोडीत, अशा आठवणी सांगितल्या जातात. प्रेक्षकांचा हा राग नटावर नव्हता. ओळखीच्या माणसावर होता.

अभिनयशैली : फुले यांचे व्यक्तिमत्त्व रूढ अर्थाने देखणे नव्हते. मध्यम बांधा, मोठे डोळे, काहीसा रुंद चेहरा आणि घोगरा, खर्जातला आवाज ही त्यांना लाभलेली सामग्री होती. या सामग्रीचा त्यांनी अत्यंत काटकसरीने उपयोग केला. त्यांच्या शैलीचे पहिले वैशिष्ट्य म्हणजे संथपणा. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला घाई नसते, हे ओळखून ते शब्द सावकाश, ओढून उच्चारीत. समोरचा मनुष्य उत्तराची वाट पाहत ताटकळत असताना ते क्षणभर गप्प राहत. या स्तब्धतेतच धमकी असे. दुसरे वैशिष्ट्य म्हणजे डोळ्यांचा वापर. पापण्या अर्धवट मिटून, मान किंचित कलती करून पाहण्याची त्यांची पद्धत प्रेक्षकांच्या स्मरणात राहिली. तिसरे म्हणजे विनोद व क्रौर्य यांचे मिश्रण. हशा पिकविता पिकविता ते अंगावर काटा आणू शकत. सोंगाड्याच्या परंपरेत विनोद हे दुबळ्याचे हत्यार असते; फुले यांनी तेच हत्यार बलवानाच्या हाती देऊन दाखविले आणि ते किती भयंकर होऊ शकते याचा प्रत्यय दिला.

त्यांच्या आवाजाची व वाड्यावर बोलावण्याच्या ढंगाची नक्कल महाराष्ट्रात घराघरांत होत आली आहे. अशी नक्कल ही लोकप्रियतेची खूण असली, तरी तीमुळे नटाचे काम एका लकबीपुरते उरते. नक्कल करणारा आवाज उचलतो; त्या आवाजामागची स्तब्धता त्याला उचलता येत नाही.

सखाराम बाइंडर : विजय तेंडुलकर यांचे ‘सखाराम बाइंडर’ हे नाटक १९७२ साली कमलाकर सारंग यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. छापखान्यात पुस्तकबांधणी करणारा सखाराम हा नवऱ्यांनी टाकलेल्या स्त्रियांना घरी आणतो. आपल्या अटी स्पष्ट सांगतो आणि पटले नाही तर निघून जाण्याची मोकळीकही देतो. विवाहसंस्थेतील ढोंगाचा तो तिरस्कार करतो. तथापि त्याच्या घरातील व्यवहारही स्त्रीला वापरणाराच असतो. फुले यांनी सखारामची, लालन सारंग यांनी चंपाची आणि कुसुम कुलकर्णी यांनी लक्ष्मीची भूमिका केली.

या नाटकाने मराठी समाजात वादळ उठविले. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचा आक्षेप येऊन थोड्याच प्रयोगांनंतर नाटकावर बंदी आली. सारंग यांनी न्यायालयात दाद मागितली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयामुळे प्रयोगांचा मार्ग मोकळा झाला. नाट्यप्रयोगाच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीने हा लढा महत्त्वाचा ठरला. या वादात नटाच्या कामगिरीकडे पुरेसे लक्ष गेले नाही. सखाराम हा उर्मट, शिवराळ, मारकुटा आहे. परंतु त्याचा प्रामाणिकपणा खोटा नाही, मृदंगात रमणारे त्याचे मन खोटे नाही आणि अखेरीस त्याला ग्रासणारी भीतीही खोटी नाही. फुले यांनी यांपैकी कोणतीही बाजू सौम्य केली नाही व कोणतीही लपविली नाही. प्रेक्षकांना सखारामाची घृणा वाटावी आणि तरीही त्याचे म्हणणे ऐकून घ्यावेसे वाटावे, असा कठीण तोल त्यांनी साधला. लोकनाट्यातील एका नटाने आधुनिक मराठी नाटकातील सर्वांत अवघड भूमिकांपैकी एक भूमिका पेलली, हे या प्रयोगाचे नाट्येतिहासातील एक महत्त्व होय.

सामना : ‘सामना’ (१९७५) हा डॉ. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. निर्माते रामदास फुटाणे आणि पटकथा-संवादलेखक विजय तेंडुलकर. १९७५ च्या बर्लिन आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धा-विभागात त्याची निवड झाली होती. हिंदुराव धोंडे पाटील हा सहकारक्षेत्रातील सर्वसत्ताधीश आणि गावात कोठून तरी येऊन पडलेला एक व्यसनाधीन, निष्कांचन मास्तर यांच्यामधील हा संघर्ष आहे. मास्तराची भूमिका डॉ. श्रीराम लागू यांनी केली. हिंदुराव या विक्षिप्त माणसाला काहीशा कुतूहलाने आश्रय देतो. मास्तर मात्र गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळे या माणसाचे पुढे काय झाले, हा एकच प्रश्न विचारीत राहतो. त्या प्रश्नाने हिंदुरावाचे साम्राज्य आतून पोखरले जाते.

हिंदुरावाच्या भूमिकेत फुले यांनी स्वतःच निर्माण केलेल्या ठशाची उलटतपासणी केली असे म्हणता येईल. हा पाटील केवळ दुष्ट नाही. त्याने कारखाना उभारला आहे, गावाचा कायापालट केला आहे आणि त्याचा त्याला रास्त अभिमान आहे. आपण केले ते गावाच्या भल्यासाठीच, अशी त्याची समजूत आहे. म्हणूनच मास्तराचा प्रश्न त्याला प्रथम हास्यास्पद, मग त्रासदायक आणि शेवटी असह्य वाटतो. ही चढती श्रेणी फुले यांनी हसण्यातील सूक्ष्म फरकांतून दाखविली आहे. प्रारंभीचे ऐसपैस हसू हळूहळू आखडत जाते आणि एका क्षणी चेहऱ्यावर हसू असूनही डोळे हसत नाहीत.

या चित्रपटात दोन अभिनयपरंपरांचाही सामना घडून येतो. लागू यांचा अभिनय विश्लेषक, शहरी नाट्यचळवळीत घडलेला. फुले यांचा अभिनय लोककलेच्या मातीतून आलेला. दोघांपैकी कोणीही दुसऱ्यावर कुरघोडी करीत नाही. एकमेकांचे ऐकून घेण्याची जी क्षमता येथे दिसते, ती उत्तम अभिनयाचा पाठ म्हणून अभ्यासण्याजोगी आहे.

सिंहासन : अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवर आधारलेला ‘सिंहासन’ (१९७९) हा चित्रपटही डॉ. पटेल यांनीच दिग्दर्शित केला. पटकथा तेंडुलकरांची. मुख्यमंत्रिपदासाठी चाललेल्या डावपेचांची ही कथा असून अरुण सरनाईक यांनी मुख्यमंत्र्याची आणि लागू यांनी त्यांचे आसन डळमळीत करू पाहणाऱ्या अर्थमंत्र्याची भूमिका केली आहे. फुले यांच्या वाट्याला दिगू टिपणीस या वार्ताहराची भूमिका आली. ज्या नटाला प्रेक्षक सत्तेच्या खुर्चीवर पाहत आले होते, त्याला येथे सत्तेच्या दाराबाहेर उभे केलेले आहे. दिगू सर्व जाणतो, सर्वांना भेटतो, सर्वांचे ऐकतो आणि काहीही बदलू शकत नाही. या भूमिकेत हालचाल थोडी, संवाद बेताचे आणि ऐकणे फार आहे. शेवटी घडलेल्या प्रकारांचा अर्थ उमगल्यावर त्याचा तोल सुटतो आणि हसणे व रडणे यांतील सीमारेषा पुसली जाते. मराठी चित्रपटातील स्मरणीय शेवटांमध्ये या प्रसंगाची गणना होते. सत्ता भोगणाऱ्याचा माज आणि सत्ता पाहणाऱ्याची हतबलता ही दोन्ही टोके एकाच नटाने तितक्याच खरेपणाने दाखविली, हे ‘सामना’ व ‘सिंहासन’ एकत्र पाहिल्यास ध्यानात येते.

इतर नाटके व हिंदी चित्रपट : जयवंत दळवी यांच्या ‘सूर्यास्त’ या नाटकात फुले यांनी स्वातंत्र्यलढ्यातून आलेल्या वृद्ध गांधीवाद्याची भूमिका केली. आपल्या डोळ्यांदेखत मूल्यांची होणारी पडझड पाहणारा हा म्हातारा त्यांच्या स्वतःच्या वैचारिक पिंडाला जवळचा होता. पडद्यावरील भ्रष्ट पुढाऱ्याला धिक्कारणाऱ्या प्रेक्षकांनी रंगभूमीवर त्याच नटाच्या तोंडून नीतिमत्तेची व्यथा ऐकली आणि तीही त्यांना खरी वाटली.

हिंदी चित्रपटांत ‘कुली’ (१९८३), ‘मशाल’ (१९८४) व महेश भट्ट दिग्दर्शित ‘सारांश’ (१९८४) यांतून त्यांनी कामे केली. ‘सारांश’मधील गजानन चित्रे हा मुंबईतील राजकारणी म्हणजे त्यांच्या ग्रामीण सत्ताधाऱ्याची नागरी आवृत्ती होय. तथापि हिंदी चित्रसृष्टीत ते रमले नाहीत. त्यांच्या अभिनयाचे मर्म मराठी बोलीच्या हेलकाव्यांत होते आणि दुसऱ्या भाषेत त्यातील बराचसा भाग गळून जाणे अपरिहार्य होते. अखेरच्या काळात ‘गोष्ट छोटी डोंगराएवढी’ (२००९) या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या प्रश्नावरील चित्रपटातही ते दिसले.

सामाजिक कार्य व सन्मान : लौकिक मिळाल्यानंतरही फुले यांची सामाजिक बांधिलकी टिकून राहिली. परिवर्तनाच्या चळवळींत पूर्ण वेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन देता यावे, यासाठी डॉ. लागू, डॉ. नरेंद्र दाभोलकर, डॉ. बाबा आढाव आदींच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या सामाजिक कृतज्ञता निधीच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. या निधीसाठी आचार्य अत्रे यांच्या ‘लग्नाची बेडी’ या नाटकाचे प्रयोग नामवंत कलावंतांनी केले. त्यांत फुलेही होते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीलाही त्यांनी सक्रिय साथ दिली. राहणीतील साधेपणा, वाचनाची आवड आणि बोलण्यातील ऋजुता यांमुळे त्यांना प्रत्यक्ष भेटणारी माणसे चकित होत. संगीत नाटक अकादमीने १९९१ च्या पुरस्काराने त्यांचा गौरव केला. महाराष्ट्र शासनाचे चित्रपट पुरस्कारही त्यांना लाभले. कर्करोगाच्या आजाराने पुणे येथे त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन : नटाला एखादा ठसा मिळणे हे वरदान असते, तसा तो सापळाही असतो. निर्माते तीच भूमिका पुनःपुन्हा देतात, प्रेक्षक तीच मागतात आणि नट हळूहळू स्वतःचीच नक्कल करू लागतो. फुले यांच्या विपुल चित्रपटांपैकी अनेकांत असे घडले, हे नाकारता येत नाही. विनोदापासून शोकापर्यंत पोचणाऱ्या या नटाला मराठी चित्रसृष्टीने त्याच्या ताकदीच्या भूमिका मोजक्याच दिल्या. तथापि ज्या दिल्या, त्यांचे त्यांनी सोने केले.

त्यांचे कार्य दोन दृष्टींनी महत्त्वाचे आहे. अभिनयाच्या दृष्टीने पाहता, तमाशाच्या फडावरील उत्स्फूर्तता आणि कॅमेऱ्याला हवा असणारा संयम यांचा मेळ त्यांनी घातला. लोककलेतला नट भडक असणारच, हा नागर समज त्यांच्यामुळे खोटा ठरला. सामाजिक दृष्टीने पाहता, स्वातंत्र्योत्तर ग्रामीण महाराष्ट्रातील सत्तेचे चालणे, बोलणे, हसणे आणि गप्प राहणे यांची जी नोंद त्यांच्या भूमिकांत सापडते, ती अहवालांत वा आकडेवारीत सापडणारी नाही. सत्ता ही नेहमी गर्जना करीत येत नाही. ती पुष्कळदा पान पुढे करीत, खुशाली विचारीत येते, हे त्यांनी मराठी प्रेक्षकाला दाखवून दिले. या व्यवस्थेपुढे मान तुकवून जगणाऱ्या प्रेक्षकाला काळोखात बसून का होईना, तिच्याकडे टक लावून पाहता आले, ते या नटामुळे होय.